मदतनीस विद्यार्थी कसे तयार करावेत?

प्रश्न : प्रथम वर्षाच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांना तृतीय वर्षाची मुलं मदतीला घ्यायची आहेत. मराठी माध्यमातून आलेली मुलं गप्पच बसतात. मदतनीस म्हणून हुशार मुलं निवडली की भागेल का?

उत्तर : नाही. हुशार मुलगा पटकन उत्तर सांगून मोकळा होतो! अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या (बोल्डर) 'लर्निंग असिस्टंट' योजनेत मदतनीस दर आठवड्याला प्राध्यापकांसोबत पुढच्या तासाची तयारी करतात. शिवाय शिकवावं कसं, याचा वेगळा अभ्यासक्रमही करतात. तो भाग वेळेअभावी गाळू नका.

सरावाला खरी चूकच घ्या. लंबकाच्या प्रयोगात एखादी मुलगी अर्ध्या आंदोलनालाच पूर्ण धरते. दोलनकाल निम्मा, गुरुत्व त्वरण चौपट, म्हणजे ९.८ ऐवजी ३९. मदतनिसाने 'चुकलं' म्हणू नये. 'एक आंदोलन कुठून कुठपर्यंत धरलंस?' एवढं विचारावं आणि थांबावं. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं. उत्तर मराठीत आलं तर पुढचं बोलणंही मराठीत, दोलनकालासाठी 'पीरियड' हा इंग्रजी शब्द नंतर. तिच्या हातातलं पेन घेऊ नये. स्टॉपवॉच कायम एकाकडेच आणि आकडे लिहायला कायम दुसरीच, हेही हेरायला शिकवा.

मानधन जमेल तेवढं द्या, पण गुण देण्याचं काम मदतनिसांकडे सोपवू नका.