वेल्डिंगचा मुखवटा कोणता घ्यावा?

गुदामाची कैची वा हातगाडी सांधणाऱ्या कारागिराचे डोळे राखणे हे आम्हां व्यापाऱ्यांचे कर्तव्य आहे. साध्या मुखवट्यात बहुधा १० वा ११ क्रमांकाची काळी काच असते. तो स्वस्त असून त्यास बॅटरी लागत नाही. लांब, सलग सांध्यास तो पुरतो. परंतु तो उतरविल्यावर ठिणगी पडेपर्यंत काहीच दिसत नाही. म्हणून तुटक टाके मारताना कारागीर तो वरच ठेवतो व रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी सोसतो. आपोआप काळवंडणाऱ्या काचेतून जागा आधी दिसते आणि ठिणगीसरशी ती सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात काळी होते. टाक्यांचे काम अधिक असेल तेथे आम्ही हाच घ्यावा, आणि कामापूर्वी त्याची बॅटरी व काच तपासून घ्यावी.