आजोबांचं घड्याळ आत्ता उघडू नकोस

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, 'ताई, आजोबांचं खिशातलं घड्याळ उघडून बघते', आणि माझ्या काळजात धस्स झालं. शिकायचंय ना? मग रविवारी टिटवाळ्याला ये. येताना बंद पडलेलं, चावीचं एखादं एचएमटी आण. 'जनता' मिळालं तर फारच छान, त्यात 17 खडे असतात. मनगटावरचं असलं तरी आतला कारभार आजोबांच्या घड्याळासारखाच. आधी त्याच्यावर हात बसू दे.

माझी चूक सांगते. मी पहिल्यांदा घड्याळ खोललं तेव्हा स्प्रिंगची चावी न उतरवताच पॅलेट, म्हणजे चाकं अडवून धरणारा भाग, काढलं. भरलेली स्प्रिंग मोकळी सुटली, चाकं गरगर फिरली आणि एका आसाचं केसाएवढं टोक मोडलं. ते घड्याळ पुन्हा चाललं नाही. तेव्हापासून माझं पहिलं काम ठरलेलं: चावी बोटांत घट्ट धरायची, जराशी पुढे फिरवून खटका मागे सरकवायचा आणि स्प्रिंग हळूहळू सैल होऊ द्यायची. मग मागेपुढे डोलणारं बॅलन्स व्हील काढायचं, मगच पॅलेट. बॅलन्सची हेअरस्प्रिंग एकदा वाकली की सरळ करणं भल्याभल्या घड्याळजींनाही जड जातं. तिला चिमटा लावूच नकोस.

पंखा बंद ठेव. प्रत्येक पायरीचा फोटो काढ, स्क्रू निघाले त्या क्रमानं मांड. नुसत्या बोटांनी भागांना हात लावू नकोस. काळू नदीकाठच्या आमच्या दमट हवेत घामाच्या ठशावरही गंज धरतो.

जोडताना खरा कस लागतो. चाकांवरची पट्टी, म्हणजे ब्रिज, ठेवलास की लगेच स्क्रू आवळू नकोस. प्रत्येक आस आपापल्या भोकात बसलाय का, चाकं हलकेच फिरतात का, ते बघ. बळ लावावंसं वाटलं की समज, काहीतरी चुकतंय. सगळ्यात शेवटी बॅलन्स. तो नीट बसला आणि चावी थोडी दिली की आपणहून धडधडायला लागतो, तासाला 18,000 ठोके. तो क्षण तुझ्या हातून घडावा, एवढंच मला हवंय गं.

आणि एक ऐक. आजोबांच्या घड्याळाचे आकडे अंधारात चमकायचे, आठवतं? त्या काळच्या रंगात रेडियम असायचं. चमक विझली तरी रेडियम शेकडो वर्षं उरतं आणि त्याची भुकटी श्वासातून आत जाणं घातक. ती डायल खरवडू नकोस, पुसूही नकोस. ते घड्याळ आहे तसंच डबीत बंद ठेव.