नवजात बालकाची अवटुग्रंथी आणि तिसऱ्या दिवसाची रक्ततपासणी

थायरॉइडचा विषय निघाला की आपल्यासमोर बहुधा वजन वाढलेली, थकलेली प्रौढ स्त्री येते. परंतु या ग्रंथीच्या विकाराने कायमची हानी होते ती नवजात बालकाची. गळ्यातील अवटुग्रंथीचे थायरॉक्सिन हे संप्रेरक पहिल्या तीन वर्षांत मेंदूच्या वाढीस अत्यावश्यक असते. भारतात सुमारे हजार ते दीड हजार जन्मांमागे एका बालकात ते जन्मतःच अपुरे असते.

जन्मसमयी ही बालके बहुधा निरोगीच दिसतात. कारण आईचे थायरॉक्सिन वारेतून त्यांना मिळालेले असते. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे, बेंबीचा फुगवटा ही लक्षणे पुढे हळूहळू उमटतात. "बाळ फार गुणी, रडतच नाही," असे घरचे कौतुकाने सांगतात आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता तपासणी करावी. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ती १९७४ पासून होत आहे.

अवटुग्रंथी कमी पडली की पीयूषिका ग्रंथी अधिक टी.एस.एच. सोडते. मात्र जन्मानंतर पहिल्या दिवशी निरोगी बाळातही टी.एस.एच. वाढलेले असते. त्यामुळे नमुना नाळेतून किंवा ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान टाचेतून घ्यावा. टी.एस.एच. २० ते ४० आल्यास सातव्या ते दहाव्या दिवशी पुन्हा तपासावे. ४० हून अधिक आल्यास बाळाला त्वरित बोलावून शिरेतील रक्तात टी.एस.एच. व फ्री टी-४ पाहावे. अहवालावर छापलेली प्रौढांची मर्यादा येथे लावू नये. नवजात बालकात टी-४ मुळातच अधिक असते.

निदान होताच, शक्यतो दोन आठवड्यांच्या आत, लेव्होथायरॉक्सिन दररोज प्रतिकिलो १० ते १५ मायक्रोग्रॅम सुरू करावे. गोळी कुस्करून आईच्या दुधातून द्यावी. लोह व कॅल्शियमसोबत देऊ नये. वेळेवर उपचार मिळालेली बालके इतरांसारखीच शिकतात.

आपल्या बोरगाव-सौसर भागात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, कधी नागपूरला. बाळ सासरी परतते, अहवाल मात्र मागेच राहतो. यासाठी सुटीच्या कार्डावर नमुन्याची तारीख, निकाल आणि दोन्ही घरांचे दूरध्वनी क्रमांक अवश्य लिहावेत. पहिल्या लसीकरणाच्या वेळी ते कार्ड मागून पाहावे. नोंद नसेल तर त्याच दिवशी रक्त घ्यावे. एवढ्या दक्षतेने एका बालकाचे मतिमंदत्व टळू शकते.