गाडी ओढत नाही!

आय. सी. इंजिन्सच्या व्हायव्हात एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं होतं, "डिझेल इंजिन पॉवर देत नसेल तर काय कराल?" मी एका दमात सांगून टाकलं, "सर, फ्युएल इंजेक्शन पंप चेक करू." सरांनी मान डोलावली, मार्क दिले, विषय संपला. या उन्हाळी सुट्टीत हायवेवरच्या एका ट्रक गॅरेजमध्ये महिनाभर काम शिकलो, तेव्हा कळलं की माझ्या याच उत्तरापायी एका माणसाचा पंप दोनदा उघडला गेला होता. गाडी मात्र होती तशीच होती!

तीच केस तुमच्यासमोर मांडतो. ट्रक नको असलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण कॉलेजच्या जनरेटरचं इंजिनही डिझेलचंच असतं.

गाडी दहा चाकी, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपाची. मालक स्वतःच ड्रायव्हर. गाडी सेकंडहँड, डोक्यावर फायनान्सचा हप्ता. तक्रार एकच, "ओढत नाही." मुंबईहून लोखंड भरून नाशिकला येताना कसारा घाटात गाडी दम टाकायची, दोनदा तर बंदच पडली. आधी पंपाचं काम झालं, मग नोझल बदलले, मग पुन्हा पंप उघडला. आता कुणीतरी "इंजिनच खोलावं लागेल" असं सांगितलं होतं. इंजिन खोलायचं म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि गाडी कित्येक दिवस उभी. गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही!

आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. मला वाटलं, चाचा आता पाना उचलतील. त्यांनी चहा मागवला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. कधीपासून होतंय? रिकामी असताना होतं की भरल्यावर? सकाळी थंड इंजिन लवकर उठतं का? आणि शेवटचा प्रश्न, "भाऊ, हे सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कुठं लावला होता?"

उत्तरं अशी होती: रिकामी गाडी ठीक चालते, भरल्यावर घाटात मरते. सकाळी स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. आणि त्रास सुरू होण्याच्या आठवडाभर आधी टाकीजवळचा, पाणी वेगळं करणारा प्री-फिल्टर साफ केला होता.

आता थोडी थिअरी. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण 16 ते 18 पट दाबली की तिचं तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पुरेशी हवा, पुरेसा दाब आणि योग्य वेळी योग्य डिझेल. यातलं काय कमी पडतंय, याचा पहिला अंदाज सायलेन्सरच देतो.

1. काळा धूर: डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोनंतरचा होज फाटलेला किंवा नोझल ठिबकणारं.
2. निळा धूर: ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचं सील.
3. पांढरा धूर: डोळ्यांना झोंबत असेल तर न जळलेलं डिझेल. गोडसर वास येत असेल आणि रेडिएटरचं कूलंट कमी होत असेल तर हेड गास्केटकडे बघा.
4. ताकद नाही आणि धूरही नाही: इंजिनापर्यंत डिझेलच पुरेसं पोचत नाही.

आमची गाडी चौथ्या नंबरात बसत होती. सकाळी सुरू होताना थोडा पांढरा धूर, बाकी काही नाही. मी लगेच म्हणालो, "चाचा, म्हणजे पंपच!" चाचा हसले. "बेटा, पंप दोनदा बेंचवर पास झाला. बेंचवर त्याला डिझेल कोण देतं? बेंच देतं. गाडीची लाईन तिथं नसतेच."

ही गोष्ट माझ्या डोक्यात आधी का आली नाही, याची मला अजून लाज वाटते.

चाचांनी एक साधा फरक समजावला. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढीची बाजू, फीड पंपाच्या पुढे ढकलण्याची बाजू. ढकलण्याच्या बाजूला जॉइंट ढिला असेल तर डिझेल बाहेर गळतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढीच्या बाजूला आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. इंजिन चालू असताना तिथं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जॉइंट कोरडा ठणठणीत! म्हणून तो कुणाच्या नजरेत भरत नाही. आमच्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या वहीत हे सगळं आहे, फक्त तिथं ट्रक नव्हता.

आणि हवा आत गेली की काय होतं? यांत्रिक पंपाच्या इंजिनात नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतं. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून प्लंजरने ढकललं की दाब लगेच चढतो. हवा दबते. प्लंजरचा स्ट्रोक बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. घाटात डिझेलची मागणी वाढते, ओढ वाढते आणि हवाही जास्त येते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच वाटेने हवा शिरते, लाईनमधलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं. मालकाच्या सगळ्या तक्रारी एका धाग्यात आल्या.

पण अंदाज म्हणजे निदान नाही. चाचांनी फीड पंपाला टाकीची लाईन काढून स्वच्छ डिझेलच्या डब्यातून वेगळी नळी जोडली आणि हँड प्रायमरने हवा काढली. इंजिन झटक्यात उठलं, रेस दिली तरी अडखळलं नाही. म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, इंजिन ठीक. दोष डब्याच्या अलीकडे. मग मूळ लाईन परत लावली आणि फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा टाकला. बुडबुडे अगदी स्पष्ट दिसले. प्री-फिल्टरच्या जॉइंटला बाहेरून ग्रीस थापलं, तर बुडबुडे थांबले!

बँजो बोल्टखालचे तांब्याचे दोन वॉशर. साफसफाईत जुनेच परत बसवले होते. एकदा आवळलेलं तांबं वर्क हार्डनिंगने कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. अ‍ॅनिलिंगवर मी आठ मार्कांचं उत्तर लिहिलंय, पण ते ज्याच्यासाठी असतं तो वॉशर पहिल्यांदाच हातात घेतला. नवे वॉशर लावले, हवा काढली, लोड भरून गाडी घाटात पाठवली. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला, "चढली." एवढंच बोलला.

कुणी म्हणेल, ही जुन्या गाडीची गोष्ट झाली. भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं. आता कॉमन रेल, सेन्सर, डीपीएफ, डीईएफ. स्कॅनर लावला की कोड येतो. खरं आहे, पण "रेल प्रेशर कमी" हा कोड म्हणजेही तक्रारच. कारण चोंदलेला फिल्टर असू शकतं, गळकं इंजेक्टर असू शकतं, आणि हो, ओढीच्या बाजूची हवाही. कोड वाचून थेट सेन्सर बदलणारा आणि व्हायव्हात "पंप" म्हणणारा मी, दोघं सारखेच.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. जुन्या इंजिनात कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय हे बघायला नोझलच्या पाइपचा नट चालू इंजिनावर ढिला करतात. कॉमन रेलवर हे कधीच करू नका! तिथं दाब 1600 बार आणि त्याहूनही वर असतो. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण तातडीने ऑपरेशन लागू शकतं. तिथं इंजेक्टरचं रिटर्न मोजून तुलना करायची किंवा स्कॅनरने एकेक सिलिंडर बंद करून बघायचा.

चाचांचा क्रम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. आधी विचारा, मग बघा, मग वेगळं करून तपासा, आणि सगळ्यात शेवटी खोला. स्वस्त आणि सोपं ते आधी, महाग आणि अवघड ते नंतर. कारण आपला अंदाज चुकला तर बिल आपण भरत नाही.

पुढच्या सेमिस्टरला कुणी एक्स्टर्नल तोच प्रश्न विचारतील. मी आधी उलट विचारणार आहे, "सर, गाडीला शेवटचा हात कुठं लावला होता?" मार्क गेले तरी चालतील.

– टी. ई. (मेकॅनिकल)