पॉलिहाऊसमधील लाल कोळी : ओळख व बंदोबस्त

हरितगृहांत, म्हणजे ज्यास आपण सर्वजण पॉलिहाऊस म्हणतों त्यांत, फुलें व भाजीपाला पिकविण्याचा धंदा गेल्या तीस वर्षांत आपल्याकडे पुष्कळ वाढला आहे. पुणें जिल्ह्यांतील मावळ तालुक्याचा गुलाब तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांतील मागणीसाठीं परदेशींही जातो. या पद्धतीनें पिकास ऊन, वारा, पाऊस व गारा यांपासून संरक्षण मिळतें, हें खरें. परंतु जें छप्पर पाऊस अडवितें, तेंच एका किडीचेंही रक्षण करितें. उघड्या शेतांत पावसाची एक जोराची सर या किडीस पानांवरून धुवून काढते. छपराखालीं तिला ती भीति उरत नाहीं. ही कीड म्हणजे लाल कोळी होय. तिची ओळख, तिचा वाढीचा क्रम व तिच्या बंदोबस्ताचे उपाय यांची माहिती वाचकांस व्हावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

कोळ्याची ओळख

लाल कोळी हा खरोखर कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात. याला आठ असतात. हा घरांतील कोळी, गोचीड व विंचू यांच्या कुळांतला प्राणी आहे. ही गोष्ट केवळ पुस्तकी नाहीं. हा कीटक नसल्यामुळें मावा, तुडतुडे, फुलकिडे यांवर चालणारीं पुष्कळशीं औषधें याचें कांहींच करीत नाहींत, व याच्यासाठीं कोळीनाशक म्हणून वेगळीं औषधें वापरावीं लागतात.

पूर्ण वाढलेली मादी सुमारें अर्धा मिलिमीटर लांब असते. नुसत्या डोळ्यांस ती हलणाऱ्या ठिपक्यासारखी दिसते. तिचा रंग पिवळट हिरवा असून अंगाच्या दोन बाजूंस दोन काळे डाग असतात. कांहीं कोळी तांबडे असतात, व त्यावरूनच हें नांव पडलें आहे. कोळी पानाच्या खालच्या बाजूस राहतो, तेथेंच अंडीं घालतो व बारीक तंतूंचें जाळें विणतो. तोंडांतील सुईसारख्या अवयवानें तो पानाच्या पेशी टोंचून त्यांतील रस व हरितद्रव्य शोषून घेतो. टोंचलेल्या प्रत्येक जागीं पानाच्या वरच्या बाजूस पांढुरका ठिपका उमटतो. ठिपके वाढत जाऊन पान फिकट, पुढें तांबूस व राखी होतें आणि अखेरीस गळतें. पानें गेलीं कीं गुलाबाचा दांडा आंखूड राहतो, कळी लहान येते व मालाची प्रत उतरते.

गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ढोबळी मिरची व काकडी हीं सर्व पिकें यास चालतात. बाहेरील वांगें, भेंडी, घेवडा, एरंड व पुष्कळ प्रकारचें तण यांवरही तो राहतो, आणि तेथून वाऱ्यानें, मजुरांच्या कपड्यांवरून, हत्यारांवरून किंवा नव्या रोपांबरोबर आंत येतो.

एक चुकीचा अनुभव

प्रस्तुत लेखकाचें मावळांत गुलाबाचें दहा गुंठ्यांचें पॉलिहाऊस आहे. आरंभींच्या एका वर्षीं मार्च महिन्यांत दारालगतच्या दोन गादीवाफ्यांवरील पानें फिकट दिसूं लागलीं. लोहाची उणीव असावी अशा समजुतीनें सूक्ष्म अन्नद्रव्यें दिलीं व दहा दिवस वाट पाहिली. तेवढ्यांत फिकेपणा अर्ध्या घरांत पसरला. मग औषधाच्या दुकानांत विचारलें असतां एक जालीम कीटकनाशक मिळालें, तें फवारलें. आठवडाभर बरें वाटलें. पुढें कोळी पूर्वीपेक्षां दुपटीनें दिसूं लागला. तेव्हां एक कोळीनाशक आणून तेंच लागोपाठ चार वेळां मारलें. तिसऱ्या वेळेपासून त्याचा गुण येईना. मे महिन्यांत झाडांवर काड्या तेवढ्या राहिल्या व दोन महिन्यांचें उत्पन्न बुडालें. बँकेचा हप्ता मात्र थांबला नाहीं. तो घरांतील गाय विकून भरावा लागला.

या एका हंगामांत तीन चुका झाल्या. पान उलटें करून पाहिलें नाहीं, ही पहिली. कोळ्याचे शत्रु मारणारें औषध वापरलें, ही दुसरी. आणि एकच कोळीनाशक पुनःपुन्हां वापरलें, ही तिसरी. बहुतेक बागाइतदार याच तीन चुका करितात, म्हणून त्यांचा विचार क्रमानें करूं.

वाढीचा हिशेब

कोळ्याच्या अंड्यांतून प्रथम सहा पायांचें पिल्लूं निघतें. पुढें दोन वेळां कात टाकल्यावर आठ पायांच्या दोन अवस्था येतात, व शेवटच्या कातेनंतर पूर्ण वाढ होते. प्रत्येक काती-पूर्वीं तो कांहीं काळ पानास चिकटून निश्चल असतो. उष्णमान २० अंश सेल्सिअस असतां या सर्वांस दोन आठवड्यांहून अधिक काळ लागतो. ३० अंशांस मात्र आठवडाभरांतच पिढी तयार होते. म्हणून फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत, हवा गरम व कोरडी असतांना, त्याचा जोर असतो.

एक मादी आपल्या आयुष्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते. त्यांपैकीं केवळ ५० माद्या जगल्या असें धरलें, तरी दुसऱ्या पिढीस २,५०० व तिसऱ्या पिढीस १,२५,००० माद्या होतात. यावरून दहा दिवसांच्या हयगयीची किंमत लक्षांत येईल. आज एका वाफ्यावर असलेला कोळी महिनाभरानें सर्व घरांत असतो.

याच हिशेबांतून दुसरीही एक गोष्ट निघते. पुष्कळ औषधें हलणारे कोळी मारतात, परंतु अंड्यांस व निश्चल अवस्थेंतील कोळ्यांस तीं फारशीं बाधत नाहींत. उन्हाळ्यांत अंडें तीन-चार दिवसांत फुटतें. म्हणून फवारणीनंतर दुसऱ्या दिवशीं पानें स्वच्छ दिसलीं, तरी काम झालें असें समजूं नये. पांचव्या-सहाव्या दिवशीं भिंगानें पुन्हां पाहावें.

पाहणी

सर्व उपायांत पाहणी हा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय आहे. दहापट मोठें दाखविणारें भिंग खिशांत ठेवावें. आठवड्यांतून एक दिवस, आणि उन्हाळ्यांत दोन दिवस नेमून, प्रत्येक वाफ्यावरील कांहीं झाडांचीं खालचीं व मधलीं पानें उलटीं करून पाहावीं. दाराजवळ, पडद्यालगत, तापणाऱ्या पश्चिम बाजूस व धूळ बसणाऱ्या रस्त्याच्या कडेस विशेष लक्ष द्यावें, कारण आरंभ बहुधा तेथूनच होतो. गुलाबांत वाफ्याच्या बाजूस ज्या फांद्या वाकवून ठेवलेल्या असतात, त्यांचीं जुनीं पानें तर कोळ्याचें माहेरघरच होय. फवाऱ्याचें पाणी त्यांच्या खालच्या बाजूस क्वचितच पोंचतें.

भिंग नसल्यास पानाखालीं पांढरा कागद धरून पान झटकावें. कागदावर ठिपके चालूं लागले तर कोळी आहे असें जाणावें. लोहाच्या उणिवेंत कोवळीं पानें शिरांमधील भागांत सारखीं पिवळीं होतात व शिरा हिरव्या राहतात. कोळ्यामुळें पानावर सुटे ठिपके पडतात व खालीं कातींचा भुगा आणि जाळें दिसतें. एवढा भेद ध्यानांत ठेवला असतां लेखकाची पहिली चूक वाचकांस टाळतां येईल. कोळी आढळलेल्या जागीं रंगीत फीत बांधावी, म्हणजे पुढील वेळीं वाढला कीं घटला तें समजतें.

स्वच्छता व पाणी

१. कोळी असलेल्या वाफ्यांचें काम दिवसाच्या शेवटीं करावें, व तेथून थेट निरोगी वाफ्यांत जाऊं नये.

२. फार बिघडलेलीं पानें काढून लगेच पिशवींत भरावीं, तोंड बांधून बाहेर न्यावीं व पुरून टाकावीं. काढलेलीं पानें वाटेंत पडूं दिल्यास तीं वाळतांच कोळी पुन्हां झाडावर चढतो.

३. घरांतील व सभोंवतालचें तण ठेवूं नये. दारापुढें वांगीं-भेंडी लावूं नये. वाटेवर पाणी मारून धूळ बसवावी.

४. प्रादुर्भाव थोडा असतां पानांच्या खालच्या बाजूनें स्वच्छ पाण्याचा जोराचा फवारा मारावा. यानें कोळी व जाळें धुवून जातें. हें काम सकाळीं करावें, म्हणजे दुपारपूर्वीं पानें सुकतात. संध्याकाळीं ओलीं राहिलेलीं पानें केवडा व इतर बुरशीजन्य रोगांस आमंत्रण देतात. थंडीच्या दिवसांत तर याची फारच काळजी घ्यावी.

मित्रकिडींचें साहाय्य

निसर्गांत कोळ्यास खाणारे शत्रु पुष्कळ आहेत. बारीक काळे ढालकिडे त्यांपैकींच होत. परंतु सर्वांत उपयोगी तो कोळी खाणारा कोळी. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. सर्वत्र वापरलें जाऊं लागलें, तेव्हां अनेक देशांतील फळबागांत लाल कोळी एकाएकीं वाढला. डी. डी. टी. नें कोळी मरत नव्हता, त्याचे शत्रु मात्र मरत होते. आजचीं सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकें हेंच करितात. लेखकाच्या दुसऱ्या चुकीचें कारण हेंच.

फायटोसिउलस पर्सिमिलिस हा भक्षक कोळी मूळचा चिलीकडील. तो ऑर्किडच्या झाडांबरोबर जर्मनींत आला, व १९६७ च्या सुमारास नेदरलंड्समधील काकडी पिकविणारे यान कॉपर्ट यांनीं आपल्या कांचघरांत त्याचा उपयोग करून पुढें त्याचा धंदाच उभारला. हा केवळ जाळें विणणाऱ्या कोळ्यांवरच जगतो. एक भक्षक दिवसास सुमारें पांच मोठे कोळी किंवा वीस अंडीं व पिल्लें खातो. परंतु हवा फार उष्ण व कोरडी असतां त्याचीं अंडीं सुकतात. आपल्या देशांत आढळणारा निओसिउलस लाँजिस्पायनोसस हा भक्षक आपल्या हवेस सरावलेला आहे. परदेशी मित्रकीड सरकारी परवान्यावांचून आणूं नये.

भक्षक सोडावयाचे ते कोळी थोडा असतांनाच सोडावे; जाळ्यानें झाड झांकल्यावर सोडून उपयोग नाहीं. पायरेथ्रॉइड फवारलेल्या घरांत ते दोन-तीन महिनेसुद्धां टिकत नाहींत. फायटोसिउलस हा नारिंगी तांबडा, गुळगुळीत, डागरहित व चपळ असतो. त्यास शत्रु समजून मारूं नये.

औषधें

औषधांची गरज कधींकधीं पडतेच. परंतु लाल कोळ्याइतकी औषधांस लवकर निर्ढावणारी कीड दुसरी क्वचितच असेल; जगांत नव्वदांहून अधिक औषधद्रव्यांस तो निर्ढावल्याच्या नोंदी आहेत. पिढ्या भराभर होतात, आणि फलित न झालेल्या अंड्यांतून नर जन्मतात. अशा नरांत मातेकडून आलेला प्रतिकाराचा गुण झांकलेला राहत नाहीं. म्हणून औषधांतून वांचलेल्यांचा वंश लवकर वाढतो. लेखकाची तिसरी चूक ती ही.

यास्तव औषधें गटांनीं बदलावीं. ॲबामेक्टिन हें हलणाऱ्या कोळ्यांवर चालतें. हेक्झिथायाझॉक्स अंडीं व पिल्लें यांवर चालतें, मोठ्यांस मारीत नाहीं. स्पायरोमेसिफेन, बायफेनाझेट व फेनपायरॉक्सिमेट यांची क्रिया एकमेकांहून भिन्न आहे. मात्र फेनपायरॉक्सिमेट व फेनाझाक्विन हीं नांवानें दोन असलीं तरी गटानें एकच आहेत. एकानंतर दुसरें मारणें हा बदल नव्हे. व्यापारी नांव न पाहतां डब्यावरील मूळ द्रव्याचें नांव वहींत लिहावें. एका पिकाच्या हंगामांत एका गटाचें औषध शक्य तों एकदांच वापरावें. पूर्वीं सर्रास चालणाऱ्या डायकोफॉलवर आपल्या देशांत २०२३ सालीं बंदी आली आहे; जुना डबा उरला असल्यास तो वापरूं नये.

पाण्यांत मिसळणारा गंधक हा जुना व स्वस्त उपाय आहे, परंतु उष्णमान ३० अंशांच्या वर गेलें असतां पानें करपतात, व तेलाच्या फवारणीच्या मागेंपुढें दोन आठवडे तो मारूं नये. निंबतेल व साबणाचें पाणी अंगास लागलें तरच काम करितें. प्रथम दोन-चार झाडांवर मारून पाहावें.

कोणतेंही औषध असो, फवाऱ्याचें तोंड खालून वर असलें पाहिजे. वरून मारलेलें निम्मे औषध वायां जातें व उरलेलें कोळ्यास शिकविण्याचें काम करितें. जें पीक व जें प्रमाण डब्यावर छापलें असेल तेंच पाळावें. बंद घरांत वाफ कोंडते. म्हणून मुखपट्टी, हातमोजे व पूर्ण कपडे यांवांचून मजुरास आंत पाठवूं नये, व पानें सुकून घरांत वारा खेळल्यावांचून कळ्या तोडण्यास कोणी जाऊं नये. काकडी व मिरचींत काढणीपूर्वीं सोडावयाचे दिवस कसोशीनें पाळावे. तो माल आपल्याच लोकांच्या पानांत जाणार आहे.

घरांतील कुंड्या

ओटीवर किंवा खिडकींत ठेवलेल्या पाम, क्रोटन व गुलाब यांच्या कुंड्यांवरही हाच कोळी येतो. तेथें विषारी औषधांचें कारण नाहीं. कुंडी मोरींत आडवी करून पानांच्या पाठी पाण्याच्या धारेनें धुवाव्या, फार बिघडलेलीं पानें काढावीं, व दर चार-पांच दिवसांनीं तीन-चार वेळां असेंच करावें. नवी कुंडी आणल्यास पंधरा दिवस निराळी ठेवावी.

सारांश

पान उलटून पाहणें, पहिल्या डागावरच उपाय करणें, मित्रकिडींस जपणें व औषध बदलून वापरणें, या चार गोष्टींत सर्व बंदोबस्त आला. त्या वर्षानंतर लेखकानें दर सोमवार व गुरुवार भिंग घेऊन फिरण्याचा नेम ठेविला. कोळी तेव्हांपासून आलाच नाहीं असें नाहीं. प्रत्येक उन्हाळ्यांत येतो. परंतु दोन-चार झाडांवर असतांनाच सांपडतो, व फवारण्या पूर्वीच्या निम्म्यावर आल्या आहेत. ज्या बंधूंच्या पॉलिहाऊसवर कर्ज आहे त्यांनीं तरी आठवड्याचा हा एक तास खर्च करण्यास अनमान करूं नये, आणि आपला बरावाईट अनुभव संघाच्या सभेंत अवश्य सांगावा.