स्वमग्नता : लक्षणे वेळीच ओळखा

“मुलगे उशिराच बोलतात, याचा आजाही पाचव्या वर्षी बोलला,” असे म्हणून आपल्याकडे मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. मग नवस, गंडेदोरे होतात आणि दोष आईच्या माथी मारला जातो. यास्तव स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, माहिती प्रत्येक पालकास असणे अगत्याचे आहे.

डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन केले. आईच्या कोरडेपणामुळे असे होते, हा जुना समज पुढे चुकीचा ठरला. ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. ते वेड नव्हे, गतजन्मीचे पाप तर नव्हेच. लसीमुळेही ती होत नाही. तसे सुचविणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ने २०१० साली मागे घेतला.

पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे :

१) वर्षाचे झाले तरी हाकेला वळून न पाहणे, नजरेला नजर न देणे.

२) दीड वर्षापर्यंत बोट करून न दाखविणे. भाकरीसाठी मोठ्यांचा हात ओढणे वेगळे आणि “तो बघ चांदोबा” म्हणून बोट दाखविणे वेगळे. दुसरे न होणे ही महत्त्वाची खूण होय.

३) सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न येणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द न जोडणे किंवा येत असलेले बोलणे बंद होणे.

४) गाडीचे नुसते चाकच फिरवीत बसणे, हात फडफडविणे, कुकरच्या शिट्टीला कान झाकणे.

एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. प्रथम मुलाचे कान तपासून घ्यावेत व बालरोगतज्ज्ञांस दाखवावे.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार तपासणी पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावयाचे असते. परंतु कळंब, भूम, वाशी, परंडा भागांतील ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व त्यांची मुले तपासणीतून निसटतात. अशा पालकांनी निघण्यापूर्वीच अंगणवाडीताईंना शंका सांगावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्रही मिळू शकते.

स्वमग्नता घालविणारी गोळी नाही. मात्र वाचोपचार व घरचा नियमित सराव लवकर सुरू केल्यास मूल आपली गरज सांगू लागते, स्वतःची कामे शिकते. तेव्हा बंधु-भगिनींनो, शेजारच्या घरी असे मूल दिसल्यास कुजबुज न करता त्या माउलीबरोबर दवाखान्यापर्यंत जावे. तिला सोबतीची गरज असते.