‘हॅपी आहात का?’ असं विचारू नकोस

पौड, ता. मुळशी, जि. पुणे

चि. सोनूस,

धरणाकाठच्या गावांसाठी तू केलेली प्रश्नावली वाचली. बाकी प्रश्न नेटके आहेत, हरकत एकाच प्रश्नाला आहे: ‘तुम्ही हॅपी आहात का?’ इंग्रजीत या शब्दावर फार कामं सोपवलेली आहेत. मन प्रसन्न असलं तरी हॅपी, संसार एकंदर बरा चालला असला तरी हॅपी, आणि समोरच्यानं सांगितलेली किंमत मान्य असली तरी हॅपीच. या तिसऱ्या अर्थानं ‘हो’ म्हणणारा आनंदात असतो असं नाही, त्याची फक्त ना नसते. आपल्याकडे आनंदी, सुखी, समाधानी आणि राजी ही चार वेगळी माणसं आहेत. आपल्या तालुक्यात तर हा फरक जमिनीला भिडतो. खरेदीखतात ‘राजीखुशीने’ हा शब्द ठरलेला. दवाखान्याचं बिल किंवा लग्नाचं कर्ज डोक्यावर असलेला माणूस राजी होऊन सही करतो, खुशी मात्र कागदावरच राहते.

इतिहासही हेच सांगतो. 1921 च्या रामनवमीला टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे पुढारी. वीज मुंबईला हवी होती, पाण्याखाली जाणार होती ती मावळातली भातखाचरं. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या सावकारांपैकी अनेकांना भरपाईचा मार्ग पटला, कसणाऱ्या मावळ्यांची घोषणा मात्र ‘जान किंवा जमीन’ अशी होती. तेव्हा कुणी तुझा प्रश्न घेऊन फिरलं असतं, तर सावकाराचा होकार आणि थकून पैसे घेतलेल्या कुळाचा होकार एकाच रकान्यात पडला असता. अशा बेरजेतून निघालेला आकडा मी खोटाच मानते.

तू म्हणशील, शब्द आता मराठीच झालाय, आजीलासुद्धा कळतो. कळतो, पण कुठला? ‘हॅपी बर्थडे’, ‘हॅपी दिवाळी’तला. तो शुभेच्छेचा शब्द म्हणून घरात आला, त्यामुळे त्याला उत्तरही शुभेच्छेसारखंच मिळतं: हसून, चटकन, ‘हो हो, हॅपी!’ परक्या शब्दांशी माझं भांडण नाही. मोटार आणि टेबल आपण पचवलेच. पण दारात आलेल्या पाहुण्याला दुःख सांगायला हा शब्द वाव देत नाही. जगभर असंच मोजतात, हा तुझा दुसरा मुद्दाही टिकत नाही. 2012 पासून निघणाऱ्या जागतिक आनंद अहवालात देशांचा क्रम ज्या प्रश्नावर लावतात, त्यात ‘हॅपी’ हा शब्दच नाही. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पायची, सर्वांत वर आपल्याला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, सर्वांत खाली सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर, एवढंच विचारतात. भात लावणाऱ्या बाईलाही ही शिडी समजेल.

प्रश्न वाढले तर लोक कंटाळतील, ही तुझी काळजी मात्र रास्त आहे. म्हणून घरात काय काय आहे हे विचारणारी टीव्ही-फ्रिजची यादी प्रश्नावलीतून काढून टाक आणि त्या जागी एवढंच विचार: शिडीवर कुठे आहात? काल दिवसभरात मनापासून हसलात का? जमीन दिली असेल, तर पैशाची नड नसती तरी दिली असती का? छापायला देण्याआधी कच्चा मसुदा मला पाठव.

तुझी,
आत्या